कापलेली बाजू खाली

पाहुणे यायचे ठरले की घराचं सगळं काही करता येतं. पडदे धुता येतात, खुर्च्या शेजारून आणता येतात. घरातल्या लहान मुलाचं काय करावं, हे मात्र कुणालाच कळत नाही. मग त्याला दटावून कोपऱ्यात बसवतात आणि त्याला वळण म्हणतात. मसाका गावच्या सेंपिजासाहेबांनीही तेच केलं. तेव्हा त्यांना हसण्याआधी आपापलं घर आठवून बघा.

सेंपिजा शाळा-तपासनीस होते. जिल्हाभर फिरून ते मास्तरांना एकच गोष्ट सांगत, "मुलांना बोलू द्या. त्यांचं ऐका." हे त्यांनी इतक्या शाळांत सांगितलं होतं की घरी येईपर्यंत ते संपून जाई.

त्यांची बायको नामुली ईस्टरच्या आठवड्यात गेली. मागे राहिली सहा वर्षांची नासिवा. मातीच्या दिवशीच थोरले भाऊ काटेरेग्गा म्हणाले होते, "बाईमाणूस नाही ते घर कसलं? पोरीला आमच्याकडे गावी पाठव. तुझी वहिनी बघेल. चार पोरांत पाचवी."

सेंपिजांनी हातापाया पडून नाताळपर्यंत मुदत मागितली. "नाताळचं जेवण माझ्याकडे करू, दादा. घर कसं चाललंय ते डोळ्यांनी बघा, मग ठरवा."

थोडक्यात, ती तपासणीच होती. आयुष्यभर इतरांच्या तपासण्या घेतलेल्या माणसाला पहिल्यांदाच स्वतःची द्यायची होती, आणि नापास झाला तर लेक जाणार होती.

आठ दिवस नासिवाची तालीम चालली. पाहुण्यांपुढे गुडघे टेकून विचारपूस करायची. कुणी विचारल्याशिवाय बोलायचं नाही. मोठ्यांचं जेवण होईपर्यंत स्वयंपाकघरात बसायचं आणि मग जे राहील ते खायचं.

"आणि भूक लागली तर?" नासिवाने विचारलं.

"लागू द्यायची नाही."

तिने मान डोलावली. तिचे पुढचे दोन दात पडले होते. त्यामुळे ती कितीही गंभीर झाली तरी हसतेय असंच वाटायचं.

स्वयंपाकाला सेंपिजांची धाकटी बहीण नान्तुमे आली होती. नाताळच्या सकाळी तिने कोंबड्यांचा लुवोंबो लावला. धुरावर भाजलेली कोंबडी, शेंगदाण्याचा दाट रस्सा, सगळं केळीच्या कोवळ्या पानात बांधून तास न् तास वाफेवर ठेवायचं. माणशी एक पुडा. त्यातला एक पुडा यजमानाचा, आणि त्यात कोंबडीचा पेटा, म्हणजे पोटातली दाणे दळणारी मांसल पिशवी, असायलाच हवा. अख्खा. पेटा घरधन्याचा, त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पेटा ताटात आला नाही म्हणून माहेरी धाडलेल्या बायका त्या भागात शोधाव्या लागत नाहीत.

चर्चमधून मंडळी आली. काटेरेग्गा आले, आणि त्यांच्या पिकअपमध्ये पुढच्या सीटवर बसून म्हातारी आत्याही आली. आत्याचं वय तिला स्वतःला ठाऊक नव्हतं आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. नासिवाने गुडघे टेकले, सगळं बिनचूक म्हटलं. काटेरेग्गांनी भुवई उंचावून धाकट्याकडे पाहिलं. सेंपिजांना बरं वाटलं. पहिला पेपर तर चांगला गेला.

पुरुष टेबलाशी बसले, आत्या आणि नान्तुमे चटईवर. नासिवा आत. वाफवलेल्या मातोक्याचा, म्हणजे कच्च्या केळ्यांच्या लगद्याचा, पिवळाधमक डोंगर आला, पुडे आले. सेंपिजांनी आपला पुडा पुढे ओढला आणि थबकले.

नान्तुमे पुडे केळीच्या सोपट्याने बांधून टोक आत खोचते. या पुड्यावर मात्र दोन पाकळ्यांची फुलगाठ होती, बुटाच्या नाडीची. पुड्यावर अशी गाठ मारणारं त्या घरात एकच होतं. गेल्याच महिन्यात सेंपिजांनी ती लेकीला स्वतः शिकवली होती, कारण शिकवणारी गेली होती.

त्यांनी घाईघाईने गाठ सोडली. पेटा होता. रश्श्यात नीट बसवलेला. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला, तोच काटेरेग्गांनी हात लांबवून बोटाने तो उलटा केला.

अर्धाच होता. आणि सुरीने कापलेला नव्हता. त्यावर दातांची ओळ स्पष्ट होती, मधल्या दोन दातांची जागा सोडून. सही केली असती तरी इतकी खूण पटली नसती.

"वा," काटेरेग्गा म्हणाले. "पोरीने बापाला उष्टं वाढलं. तेही नाताळला."

"दादा, लहान आहे..."

"लहान आहे म्हणूनच सांगतोय. हे आज वळलं नाही तर कधी वळणार? तू जिल्हा सुधारायला निघालास, आणि घरात हे."

"नासिवा!" सेंपिजा ओरडले.

ती आली. शिकवल्याप्रमाणे गुडघ्यांवर बसली.

"हे कुणी खाल्लं?"

"मी."

"का?"

"माझा अर्धा होता तो." मग विचार करून म्हणाली, "तुमचा ठेवलाय ना."

काटेरेग्गा हसले. ते हसणं सेंपिजांच्या फार आत जाऊन लागलं, आणि जे बोलायचं नव्हतं तेच तोंडून गेलं.

"दादा, उद्या जाताना हिला घेऊन जा. मला नाही जमत हिचं."

नासिवाने एकदा बापाकडे पाहिलं. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हे तिला पाठ होतं. ती उठली आणि गेली.

 चटईवरून फक्त आत्याचा चावण्याचा आवाज येत होता. घास संपवून तिने तोंड पुसलं.

"साहेब," आत्या सेंपिजांना म्हणाली, "लग्नानंतर किती पेटे खाल्लेत तुम्ही?"

"आत्या, ही वेळ आहे का?"

"मोजू नका, मी सांगते. पोरीला दात आल्यापासून एकही अख्खा खाल्लेला नाही. नामुली अर्धा कापायची, पोरीला चुलीपाशी भरवायची आणि उरलेला कापलेली बाजू खाली करून तुमच्या पुड्यात ठेवायची. मलाच सांगायची आणि पदराआड हसायची. म्हणायची, आत्या, हे अर्ध्या पेट्यावर घर चालवतात आणि त्यांना पत्ता नाही."

सेंपिजा पानातल्या त्या तुकड्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं त्यांनी तो कधी उलटून पाहिला नव्हता. उलटून बघण्याची गरजच पडली नव्हती, इतकं ते घर नीट चाललं होतं.

"पोरीला वाटलं, आईचं काम आता आपलं," आत्या म्हणाली. "तिला सुरीला हात लावायची बंदी. मग दात वापरले."

"पण रीत म्हणजे रीत, आत्या," काटेरेग्गा पुटपुटले.

"रीत मला शिकवतोस होय रे? आमच्या वेळी बायकांनी कोंबडी तोंडात घालायची नाही, अशी रीत होती. चाळीस वर्षं मी रांधली, वास घेतला आणि वाढली. माझा सासरा वारला त्या रात्री पहिल्यांदा खाल्ली. खाताना रडले. लोकांना वाटलं, सासऱ्यासाठी रडतेय. मी रडत होते ती एवढी चांगली लागते म्हणून. माझी धाकटी लेक तापात एक तुकडा मागत होती रे. मी म्हटलं, पोरींनी खायचं नसतं. ती गेली. रीत राहिली. आता तूच सांग, मी रीतीला काय मांडीवर घेऊ?"

 काटेरेग्गांनी आपल्या पुड्याची गाठ उगाच चाचपली.

सेंपिजा उठून पडवीत गेले. नासिवा पायरीवर बसली होती. पायांत चर्चचे बूट, दोन्ही फुलगाठी घट्ट. मांडीवर शाळेचं दप्तर. त्यात एक फ्रॉक होता आणि आईचा डोक्याला बांधायचा रुमाल.

"उद्या ना, आज कशाला भरलंस?"

"विसरायला नको म्हणून." मग तिने विचारलं, "काकांच्या गाडीत आत्याआजी पुढे बसते. मी मागे बसायचं का?"

"तू कुठेही जाणार नाहीस."

"पण तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात."

"चुकून म्हणालो, बाळा. माझं चुकलं."

मोठी माणसं चुकून बोलतात, ही माहिती तिच्या तालमीत नव्हती.  ज्या सुरात पाहुण्यांची विचारपूस केली होती त्याच सुरात ती म्हणाली, "मला पेटा आवडत नाही आता. मग राहू?"

सेंपिजांना जिल्ह्यातल्या एकाही मुलाने इतका कठीण प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी दप्तरासकट तिला उचललं, आत आणलं आणि आपल्या खुर्चीवर, भावाच्या शेजारी बसवलं. काटेरेग्गांनी आपला पुडा उघडला, तंगडी काढली आणि तिच्या ताटात ठेवली. सेंपिजांनी तो अर्धा पेटा पानासकट तिच्यापुढे सरकवला.

"खा. तुझाच आहे."

नासिवाने सगळ्यांकडे पाहिलं. मग दोन बोटांनी तो तुकडा उचलला, अलगद उलटा केला, दातांची बाजू खाली गेली याची खात्री करून घेतली आणि ते पान बापाकडे परत सरकवलं.

"असं ठेवलं की दिसत नाही," ती म्हणाली.

सेंपिजांनी तो खाल्ला. 

नासिवा गावी गेली नाही. त्या घरात आता पाहुणे कितीही मोठे असोत, पहिलं पान लेकराचं वाढलं जातं आणि पेटा तिच्या ताटात अख्खा येतो. पण आजही ती आधी बापाकडे बघते आणि त्याने मान हलवल्यावर अर्धाच खाते. तिचे पुढचे दात केव्हाच आले. तेवढं एक मात्र भरून आलं नाही.

तेव्हा मंडळी, सणाला पाहुण्यांची सरबराई जरूर करा, त्याला कुणाची ना नाही. पण घरातलं मूल हाही पाहुणाच असतो, आणि तो थोड्या वर्षांसाठी आलेला असतो. चारचौघांत आपली पत राखायला त्याला दोषी ठरवू नका. आपण बोललेलं आपण संध्याकाळपर्यंत विसरतो. मूल मात्र तेवढ्यात दप्तर भरून बसलेलं असतं.