वरची धार

ही गोष्ट कुणाला खरी वाटायची नाही, आणि वाटली तर त्यानं आपलं डोकं तपासून घ्यावं. त्या वर्षी रस्त्याकडेच्या झाडांवर अळ्या अशा माजल्या, की पानं कुरतडल्याच्या आवाजात शेजाऱ्याचं भांडणसुद्धा ऐकू येईना. छत्रीशिवाय कुणी बाहेर पडत नसे. न्हाव्यानं एका गिऱ्हाइकाची अर्धी मिशी कापली, तर उरलेली अर्धी चालत निघून गेली!

मग गावानं ठरवलं, झाडांवर औषध मारायचं. पंप आला दूधवाल्या तात्यांकडे. का, तर गावात मापाचा खरा माणूस तो एकच.

काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, पंप दारातच अडवला. परसात त्यांच्या मधमाश्यांच्या पेट्या, आणि झाडं ऐन फुलोऱ्यात.

"अहो, फूल गळू द्या आधी. माझ्या पोरी दिवसभर तिथंच असतात."

"अळी थांबते होय फूल गळायला?"

"मग दिवस कलल्यावर मारा, त्या घरी परतल्यावर. आणि अळी असेल त्याच झाडावर. बाटलीवर लिहिलंय तेवढंच घाला, थेंब जास्त नको."

"माप मला शिकवतेस? जन्म गेला माझा मापात!"

जन्म मापात गेला होता, तिथंच तर घात झाला. माप रिकामं केलं की वर एक धार सोडायची, ही तात्यांच्या हाताची खोड. त्या धारेवरच गिऱ्हाइकं टिकली होती. औषधाचं झाकण पंपात रिकामं झालं, आणि हातानं आपोआप बाटली पुन्हा कलती केली.

दुपार जेमतेम उलटली होती. तात्या पंप नीट चालतो का एवढं बघायला रस्त्यावर गेले, तर अर्धा गाव गोळा.

"तात्या, आमच्या दारच्या झाडाला वरची धार हवी हं," शिंपीण खिडकीतून ओरडली. "दूध काय पाणी घालून देत होतात, औषध तरी दाट द्या!"

"तिच्या झाडाला मारता, मग मी काय घोडं मारलंय?" न्हावी आडवा आला.

"तुझ्या झाडाला अळी कुठाय?"

"नसली तर येईल की!"

नाही म्हणायचं तात्यांना कधी जमलंच नव्हतं. पंपाचा दांडा हलला, पांढरा फवारा वर चढला आणि वाऱ्यानं तो नको तिथंही नेला.

काकू धावत आल्या. "अहो, ऊन आहे अजून! काय करताय?"

"एवढं एकच झाड. मग थांबतो."

"बाटलीवर काय लिहिलंय ते तरी—"

"वहिनी, अळ्या काय तुमच्या अंगावर पडतात?" न्हावी म्हणाला, आणि सगळे हसले. तात्याही हसले, लोकांसाठी.

एका झाडाची दोन झाली, दोनाची चार. काकूंनी वर पाहिलं. फुलाफुलावर त्यांच्या पोरी, आपल्याच नादात. कोंबड्या असत्या तर हाक मारून बोलावल्या असत्या. मधमाशीला कोणत्या नावानं हाक मारायची? काकू घरी पळाल्या, पेट्यांची दारं बंद केली, आणि लगेच पुन्हा उघडली. बाहेर गेलेल्या परत आल्या तर कुठं शिरतील? मग पेट्यांजवळ फतकल मारून बसून राहिल्या.

आता पुढची मजा ऐका. दुसऱ्या दिवशी उजाडतं तो काय, सगळ्याच्या सगळ्या पोरी हजर! औषध पिऊन अशा तरारल्या होत्या, की एकेक चिमणीएवढी. मध इतका गळायला लागला, की पेट्यांखाली घमेली लावली, घमेली भरली, मग बादल्या—

"खोटं," गोष्ट ऐकत ओट्याच्या कडेला धान्य निवडत बसलेल्या काकू म्हणाल्या. इतका वेळ त्याही हसत होत्या. "झाडूनं गोळा केल्यात मी त्या."