बेरीज जुळत नाही

शॅरनने वैजनाथचं मनगट धरलं.

"चेक बंद करू नका, सर."

"हात सोड. पाहुणे गेटवर आलेत."

नागापूर एमआयडीसीतल्या त्या लहानशा कारखान्यात डोळ्याचा पडदा तपासणारा कॅमेरा तयार होत होता. त्यात अंगठ्याच्या नखाएवढा, कागदासारखा पातळ आरसा होता. मागचे बारीक दट्टे त्याला क्षणोक्षणी वाकवत, तेव्हा कुठे धूसर चित्र स्वच्छ येई. कुठल्या दट्ट्याने किती रेटायचं, ते आकडे वैजनाथचा संगणक पाठवी आणि शॅरनने बनवलेला ड्रायव्हर, म्हणजे दट्टे हलवणारं सर्किट, घेई. प्रत्येक खेपेच्या शेवटी आकड्यांची बेरीज येई. ड्रायव्हर स्वतः बेरीज करून बघे. जुळली तरच आरसा हलवी, नाहीतर खेप टाकून पुन्हा मागवी. हा चेक नव्हता तेव्हा वाटेत बिघडलेल्या एका आकड्याने पहिला आरसा तडकला होता. वैजनाथने तेव्हा सगळ्यांसमोर तिला 'फोडकी' म्हटलं होतं. आता उरलेला आरसा हा एकच.

आज सकाळपासून बेरीज जुळत नव्हती. चित्र सारखं गोठत होतं.

"तुमच्याकडून येणारी केबल खराब आहे," शॅरन म्हणाली.

"तुझ्या ड्रायव्हरलाच संशयाचा रोग झालाय. तुझ्यासारखा."

मालक सुनील दारात आला. मागे पुण्याचे दोन डॉक्टर आणि त्याची आई, पुष्पावती.

"वैजनाथ, चित्र हललं पाहिजे. कसंही."

"साहेब, आरसा गेला तर..." शॅरन म्हणाली.

"शॅरन, तू तिकडे उभी राहा."

ती दारापाशी जाऊन उभी राहिली. वैजनाथने चेक बंद केला. पुष्पावतीने हनुवटी टेकवली.

"डोळं मिटू का उघडं ठेवू?"

"उघडे ठेव, आई."

संगणकाच्या पडद्यावर रक्तवाहिन्या उमटल्या, पिंपळाच्या जाळीदार पानासारख्या स्पष्ट. डॉक्टर पुढे वाकले.

"माज्या डोळ्यात एवढं हाय व्हय?" पुष्पावती म्हणाली. सगळे हसले.

वैजनाथ मान वळवून म्हणाला, "काय गं, फुटला का?"

पुन्हा हशा पिकला. शॅरनने घट्ट आवळलेली मूठ सोडली. इतका वेळ ती काच तडकण्याच्या आवाजाचीच वाट बघत होती.

मंडळी जेवायला गेली. डबा घ्यायला शॅरन आत आली, तर वैजनाथ एकटाच बसला होता. त्याने चेक चालू केला. चित्र गोठलं. त्याने केबल दाबून बसवली, चित्र गोठलेलंच. गळ्यावरचा घाम त्याने बाहीने पुसला, आणि मग त्याला ती दिसली.

"दुसरी केबल आहे?"

"नाही. मागच्या महिन्यात मागितली होती. तुम्ही नको म्हणालात."

तो आवाज खाली आणून म्हणाला, "जेवल्यावर साहेब पुन्हा दाखवायला सांगणार. चेक राहू दे चालू. चित्र गोठलं तर तो तू चालू केलास म्हणून सांग."

"मी?"

"तुला काय, तशीही बोलणी खायची सवय आहे."

शॅरनच्या नजरेला नजर न देता तो आरशाच्या डबीवरचं झाकण नीट करत होता. बाहेर चपला वाजल्या.

"उठा," ती म्हणाली.

दार उघडलं तेव्हा ती त्याच्या खुर्चीत बसली होती, आणि वैजनाथ खिडकीपाशी पाठमोरा उभा होता.