बापाची किडनी, पोराच्या गोळ्या

“गोळ्या वेळेवर घेताय ना?” डॉक्टरांनी विचारलं.

“घेतोय की,” माझा नवरा धैर्यशील म्हणाला. त्याची मान खाली होती.

सकाळीच कपडे धुवायला टाकताना त्याच्या पँटच्या खिशात त्याच गोळ्या सापडल्या होत्या. म्हणजे माझ्या हातातून घ्यायच्या आणि खिशात टाकायच्या!

शेजारी सासरे, हंबीरराव आबा, भिंतीकडं बघत बसले होते. चार वर्षांपूर्वी त्यांनीच आपली किडनी पोराला दिली. तेव्हापासून घरात त्यांच्या शब्दापुढं कुणी जात नाही. शरीर दुसऱ्याची किडनी परकी समजतं, म्हणून ती टिकवायला जन्मभर गोळ्या, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाच ते बिथरले. “बापाची किडनी पोराला परकी?” असं आमच्या कसबा बावड्यात भेटेल त्याला विचारत सुटले. दिवाळीत रिपोर्ट चांगला आला आणि त्यांनी गोळ्या बंद करायचा हुकूमच काढला. मी भांडले, रोज गोळ्या हातात देत राहिले, पण अडतिसाव्या वर्षीही बापाला नाही म्हणायची धमक माझ्या नवऱ्यात नाही.

“क्रिएटिनिन दुप्पट झालंय, म्हणजे किडनी बिघडतेय,” डॉक्टर म्हणाले. “रक्तात औषध जवळजवळ नाहीच. गोळ्या घेऊनही असं होत असेल तर कारण शोधावं लागेल. तेवढा वेळ या किडनीकडं नाही.”

धैर्यशील तरी कबूल करेना. माझं डोकंच फिरलं. पर्स उघडून मी त्या गोळ्या टेबलावर ओतल्या.

“आबांचा ह्यात काय संबंध न्हाय,” तो घाईनं म्हणाला. कुणी विचारलंही नव्हतं.

आबांनी घसा खाकरला. “हाय. मीच बंद करायला लावल्या.”

त्याला लगेच भरती केलं, इंजेक्शनं सुरू झाली. जे बिघडलंय ते परत येणार नाही, उरलंय ते वाचवायचा प्रयत्न करू, एवढंच डॉक्टर बोलले. मला आबांचा राग येत होता आणि त्यांच्याकडं बघवतही नव्हतं.

संध्याकाळी नर्सनं गोळ्या आणून दिल्या. धैर्यशीलनं त्या तळहातावर घेतल्या आणि सवयीनं परवानगीसाठी बापाकडं पाहिलं.

आबांनाही ते दिसलं.

“पोरी,” ते मला म्हणाले, “हितनं फुडं ह्येच्या गोळ्या तुझ्यासमोर गिळू देत. मी आडवा आलो तर मला भाईर काढ.”

मी पाण्याचा ग्लास धैर्यशीलच्या हातात दिला आणि आबांना दार दाखवलं. ते निमूट उठून बाहेर गेले.