गाजरं कुणाची

नवीने दादाच्या ताटलीत अंडं ठेवलं आणि ते नीट टेकायच्या आत मावशीने काट्याने उचलून बाजूला केलं.

“त्याला पिवळं वाहतं चालत नाही. कडक उकडलेलं लागतं.”

“त्यानेच बोट दाखवलं,” नवी म्हणाली.

“मुलं कशालाही बोट दाखवतात. लक्षात आपण ठेवायचं असतं.”

सात वर्षांचा दादा रिकाम्या ताटलीकडे बघत बसला. शेजारी त्याची चार वर्षांची बहीण छोटी चमच्याने टेबल बडवत होती. मुलांच्या बाबांनी ‘कॉफी आणतो’ म्हणत काढता पाय घेतला. कॉफीचं यंत्र हॉटेलातल्या जेवणाच्या हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला होतं, आणि या सुट्टीत ते तिथे इतक्यांदा गेले होते की यंत्राजवळचा वाढपी त्यांना बघून ओळखीचं हसायला लागला होता.

‘नवी’ हे नाव मावशीनेच पाडलं होतं. मुलांची आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि बाबांनी दुसरं लग्न केल्याला जेमतेम चार महिने. मावशी ही त्या गेलेल्या आईची धाकटी बहीण. मधल्या काळात मुलांचं खाणंपिणं, आजारपण, शाळा, सगळं तिनेच निभावलं होतं. त्यामुळे सुट्टीला जायचं ठरलं तेव्हा तिला वगळायची कुणाची छाती झाली नाही. “मी नसले तर ती दोघं उपाशी राहतील,” असं तिने फोनवर सांगितलं आणि बॅग भरली.

तळ्याकाठच्या त्या हॉटेलात तिन्ही वेळचं जेवण खोलीच्या भाड्यातच होतं. मेख पुढेच होती. ठरल्या वेळी हॉल उघडायचा, ठरल्या वेळी भांड्यांवर झाकणं पडायची, आणि खोलीवर साधं बिस्किटसुद्धा न्यायला बंदी. म्हणजे मुलांनी जे काय खायचं ते तेवढ्या वेळात, त्याच टेबलावर, सगळ्यांच्या देखत. दादाला ताटलीतला एक पदार्थ दुसऱ्याला टेकलेला खपत नसे. बटाट्याला सॉसचा थेंब लागला की ताटली परत. छोटीचं नेमकं उलट. भात, बटाटा, दही, सगळं कालवून त्याचा लगदा केल्याशिवाय तिच्या तोंडाचं कुलूप उघडत नसे. नवी दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. परक्या पोरांना गोडीगुलाबीने तोंड उघडायला लावण्यात तिचा हातखंडा. या दोघांपुढे मात्र तिचं काही चालेना, कारण त्यांच्या तोंडापर्यंत पोचायच्या आधीच वाटेत मावशीचा हात यायचा.

“मशरूम नको. त्याच्या आईला त्याने पित्त व्हायचं.”

“सूप गाळून द्या. ताई गाळूनच घ्यायची.”

आणि आदल्या दिवशी छोटीने गाजराकडे हात नेला तेव्हा, “गाजर? तुझ्या आईला वाससुद्धा सहन व्हायचा नाही गं!” छोटीने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला होता.

न्याहारी आटोपून मुलं बाबांबरोबर तळ्यावर गेली. व्हरांड्यात ओले टॉवेल वाळत घालताना नवीने विषय काढला.

“मावशी, एक वेळ मला भरवू द्या त्यांना. चुकले तर चुकले.”

“चुकायला ते काय खेळणं आहे?” मावशीने टॉवेल असा झटकला की पाणी नवीच्या तोंडावर उडालं. “ताई गेली तेव्हा दादा अन्नाला शिवत नव्हता. मांडीवर घेऊन एकेक घास घातलाय मी त्याला. तेव्हा कुठे होतात तुम्ही?”

“तेव्हा मला तुमच्यातलं कुणी ओळखतही नव्हतं.”

“मग आता ओळख दाखवायची एवढी घाई कशाला?”

“घाई नाही. पण ती आता माझ्या घरात राहतात.”

“घर ताईचं आहे,” मावशी म्हणाली. “पडदेसुद्धा तिने निवडलेत.”

नवीच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी गेल्या गेल्या आधी ते पडदे उतरवायचे, असं तिने मनाशी ठरवलं आणि दोरीवर चिमटा इतक्या जोरात दाबला की तो तुटला. दुपारी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं.

“दोनच दिवस राहिलेत,” तो म्हणाला. “सांभाळून घे ना.”

“घेते. तुला त्या यंत्राजवळच एक खाट टाकून द्यायला सांगू का?”

तो हसला नाही. तीही हसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेलाच मावशीचं डोकं उठलं. बाबा तिच्यासाठी गोळी शोधायला गेले, आणि नवी दोघांना घेऊन हॉलमध्ये आली. बसल्या बसल्या दादाने दाराकडे पाहिलं.

“मावशी येणार आहे?”

“बरं वाटलं तर येईल.”

तो उठला. आपली ताटली घेऊन एकटाच गेला. परत आला तेव्हा ताटलीच्या एका कडेला लोण्यात परतलेल्या गाजराचे काप होते, दुसऱ्या कडेला मशरूम, आणि मधे मोकळी जागा. तो खायला लागला. मान खाली, भराभर, एक डोळा दारावर. छोटीचा लगदा कालवता कालवता नवीचा हात थांबला.

“तुला गाजर आवडतं?”

“शाळेत मित्राच्या डब्यातलं खातो मी.”

“मग मावशीला सांगायचं ना.”

दादाने काट्याने एक काप दुसऱ्यापासून नीट लांब सारला.

“मी नको म्हटलं की मावशी म्हणते, अगदी आईवर गेलाय. मग ती हसते.” जरा वेळ तो चावत राहिला. “खाल्लं तर मी आईवर गेलेला राहणार नाही.”

दवाखान्यात रडणाऱ्या मुलांना सांगायची डझनभर वाक्यं नवीला पाठ होती. त्यातलं एकही इथे लागू पडेना. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते दादाबद्दल नव्हतंच. हे मावशीच्या तोंडावर, नवऱ्यासमोर, भर हॉलमध्ये कसं फेकायचं, हे आलं. शब्दसुद्धा जुळले होते: दोन वर्षं तुम्ही या पोराला नाही, तुमच्या बहिणीला भरवताय.

आणि मावशी आलीच. कपाळाला रुमाल घट्ट बांधलेला, मागे बाबा. टेबलाशी उभं राहून तिने एका नजरेत सगळ्या ताटल्या पाहून घेतल्या.

“गाजरं कुणाची?”

दादाच्या गालात घास तसाच राहिला. तो नवीकडे बघत नव्हता, कुणाकडेच बघत नव्हता. कानांच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या होत्या. ते वाक्य नवीच्या अगदी जिभेच्या टोकावर होतं.

“माझी,” ती म्हणाली आणि ताटली आपल्यापुढे ओढली.

“दादाची,” भाताने भरल्या तोंडाने छोटी म्हणाली.

“दादाने मला आणून दिली. मीच सांगितलं होतं.” नवीने एक काप तोंडात टाकला. मीठ जरा जास्तच झालं होतं.

“पोराला कामाला लावता? आणि तेही जे त्याला बघवत नाही ते आणायला?” मावशीचा आवाज शेजारच्या टेबलापर्यंत गेला. तिथल्या बाईने चमचा खाली ठेवला. “वर त्याच्या नाकासमोर बसून खाता. धन्य आहे तुमची!”

“चुकलं माझं,” नवी म्हणाली.

बाबा कॉफीच्या यंत्राकडे वळले होते ते थांबले. त्यांनी बायकोकडे नीट पाहिलं, मग खुर्ची ओढून ते बसले.

मावशीने दादासाठी दुसरी ताटली आणली. उकडलेले बटाटे, कडक अंडं, काही कशाला न टेकलेलं. ती छोटीच्या शेजारी बसली. नवीने गाजरांची ताटली आपल्या आणि दादाच्या मधे ठेवली, जराशी त्याच्या बाजूला, आणि परतीच्या बसबद्दल ती नवऱ्याला काहीबाही विचारू लागली. दादाने एक बटाटा खाल्ला. मग त्याचा काटा हळूच आडवा सरकला. एक काप गेला. थोड्या वेळाने आणखी एक.

नवीने मान वर केली तेव्हा मावशी पाहत होती. आधी काट्याकडे, मग दादाच्या हलणाऱ्या गालाकडे. तिचे ओठ उघडले. नवीने गाजरांच्या ताटलीची कड धरली. बाबांनाही काहीतरी कळलं असावं, ते खुर्चीत पुढे सरकले.

मावशीने कागदी रुमाल उचलला आणि छोटीचं तोंड पुसायला घेतलं. ओठ पुसले, हनुवटी पुसली, पुन्हा ओठ पुसले. छोटी वैतागून मान फिरवायला लागली, तरी ती वाकून पुसतच राहिली.

“तुमची गाजरं गार होतायत,” मान वर न करता, नेहमीच्याच धारदार आवाजात ती नवीला म्हणाली.