गुडघ्याचं दुखणं

"इथे दुखतं?"

"हो."

"आणि इथे?"

"तिथे तर फारच."

"मावशी, तिथे मी अजून हातच लावला नाही," हाडांचे डॉक्टर म्हणाले. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला आणि शेजारी बसलेल्या तिच्या मुलाला सांगितलं, "गुडघे ठणठणीत आहेत. तुमच्या-माझ्यापेक्षा बरे."

अकरा वर्षं ती हेच गुडघे पुढे करत आली होती. हॉटेलच्या धोबीघरात ओल्या चादरींचं ओझं उचलताना मध्येच थांबायचं, भिंतीला टेकायचं, आणि कुणी विचारलं की म्हणायचं, गुडघा. घरी उठता-बसता गुडघा. गुडघ्याचं एक बरं असतं, चारचौघांत त्याचं नाव घेता येतं. बिचारे गुडघे मुकाट्याने बदनाम झाले. शेवटी मुलाने गुडघ्याच्या ऑपरेशनची चौकशी केली, रजा टाकली आणि तिला इथे आणून बसवलं.

बाहेर व्हरांड्यात तो चिडलाच. "मग दुखतंय तरी काय तुझं? एवढी वर्षं थट्टा चाललीय का माझी?"

"अंग बाहेर येतं माझं," ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली.

"कुठलं अंग?"

तिने ओटीपोटाखाली हात नेला. त्याला कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर त्याचे कान लाल झाले. मग तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. महिन्यापूर्वी ती एकटीच खालच्या मजल्यावर बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली होती. गर्भाशय खाली उतरलंय, लघवीची पिशवीही ओढली गेलीय. गर्भाशय खालूनच काढायचं, बाकीचं टाके घालून वर घ्यायचं. इंजेक्शन पाठीत, म्हणजे ती जागीच असणार. तारीखही मिळाली होती. पण ऑपरेशनच्या दिवशी ती सरळ कामावर निघून गेली. आता चालताना घासून रक्त येत होतं.

"मी टेबलावरच मरेन रे," ती म्हणाली. "आणि नाही मेले तर जन्मभर लघवीची नळी लावून बसेन. फार भीती वाटते मला."

"कधीपासून आहे हे?"

याच प्रश्नाची तिला ऑपरेशनपेक्षा जास्त धास्ती होती. त्याच्या बाळंतपणात दीड दिवस ती कळा सोसत होती. आत काहीतरी सैल झालं ते तेव्हाच, उतारवयात फक्त बाहेर दिसायला लागलं. हे कळलं तर हा पोरगा जन्मभर मनाला लावून घेईल.

"वयाने होतं," ती म्हणाली. "सगळ्याच बायकांना होतं."

"चल," म्हणत त्याने तिचा दंड धरला आणि तिला जिन्याने खाली नेलं.

खाली नर्सने फॉर्म भरायला घेतला. वय, काम, साखर, रक्तदाब.

"बाळंतपणं किती?"

"एकच."

"बाळाचं वजन?"

"अडीच किलो," ती पटकन म्हणाली.

"पावणेपाच," मुलगा म्हणाला. "आजी सगळ्या गावाला सांगत फिरायची."

नर्सने मान वर केली. "बाप रे! चिमटा लावून ओढलं असेल बाळ."

ती पदराचं टोक नीट करू लागली.

"मग बरोबर आहे," नर्स लिहिता लिहिता सहज बोलून गेली. "एवढं मोठं बाळ, वर ओझी उचलायचं काम. सुरुवात तिथूनच होते."

नर्सच्या तोंडावर हात ठेवावा असं तिला वाटलं. "तसं काही नसतं हं," ती म्हणाली. "माझ्या आईलाही होतं की." तिच्या आईला असलं काही कधीच नव्हतं. पण मुलगा ऐकतच नव्हता. तो आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघत बसला होता.

नर्सने फॉर्म त्याच्यापुढे सरकवला. "ऑपरेशनला संमती. सही करा, खाली पेशंटशी नातं लिहा."

त्याने नाव लिहिलं, सही केली. मग पेन थांबलं.

"अहो, लिहा ना. नातं काय तुमचं?"

"मुलगा," त्याने लिहिलं. तीनच अक्षरं, पण त्याला फार वेळ लागला.