मरीआईचं रान

शेषेरावांनी कुऱ्हाड ओट्यावर टेकवली. पात्याला साधी सालही लागलेली नव्हती.

"वहिनी, एकाचाबी हात उचलंना. मरीआईचं रान हाय. काडी मोडली तर आई घर पुसती म्हणतेत."

केवळाबाई नवऱ्याच्या उशाशी बसली होती. भुजंगानं पहाटेच प्राण सोडला होता. भादव्याच्या झडीनं गावातल्या गोवऱ्यांचा लगदा झालेला, आणि कंधारकडच्या त्या उघड्याबोडक्या मुलखात सरणाजोगं लाकूड एकाच ठिकाणी होतं. भुजंगानं स्वतः माळावर लावलेल्या रानात.

त्या माळासाठी त्यानं हाडाची काडं केली होती. कावडीनं पाणी घातलं, बोराटीची कुंपणं केली. सारं पालथ्या घड्यावर पाणी! वर्षभर जगवलेलं रोप शेळी एका घासात संपवी, आणि शेळीच्या तोंडून वाचलेलं कुणाच्या तरी चुलीत जाई. मग एके सकाळी केवळाबाईनं ओढ्यातला धोंडा माळावर नेऊन ठेवला, त्याला शेंदूर फासला आणि पाणवठ्यावर सांगितलं, आई सपनात आली व्हती, माळ माझा म्हणली. भुजंग चार दिवस तिच्याशी बोलला नाही. देवाच्या नावानं लबाडी त्याला सोसत नव्हती. पण शेळ्या परतल्या, कुऱ्हाडी थांबल्या. झाडं भुजंगानं लावली हे खरं, रान केलं ते त्या धोंड्यानं. आता तिथे जांभळं पिकत आणि खालच्या विहिरीला वैशाखातही पाणी असे. खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक आता बोलणार नव्हता.

"आई तुमच्याच सपनात आली व्हती," शेषेराव हळूच म्हणाले. चुलतदीर असले तरी भुजंगाला ते सख्ख्या भावासारखे. "तुमीच म्हणा, आई कोपणार न्हाई. आत्ता तोडून आणतो. दादाचंच हाय की ते."

शब्द केवळाबाईच्या ओठांवर आला. तिनं नवऱ्याच्या भेगाळलेल्या पायांकडे पाहिलं. आज सरणाला झाड, उद्या कुणाच्या आढ्याला, परवा चुलीला. आई एकदा कोपली नाही, की मग कुणावरच कोपणार नाही.

"आईचं ते आईचंच," ती म्हणाली. "घराची दारं काढा. बाज घ्या. नांगरबी घ्या."

"वहिनी, पावसापान्याचं उघडं घर..."

"घ्या म्हणते न्हवं."

तिला हंबरडा फोडावासा वाटत होता. तोंडात पदर धरून ती बसून राहिली, आणि चौकटीतून दारं उपटल्याचे आवाज येत राहिले.

तिसऱ्या दिवशी माणसं राख सावडून परतल्यावर ती एकटीच रानात गेली. वाटेत जांभळाची एक फांदी मोडून पडली होती. घरात चूल पेटवायला काही उरलं नव्हतं. तिनं फांदी उचलली, घराकडे थोडी चालली, मग मागे फिरली आणि ती धोंड्यापाशी नेऊन ठेवली.

त्या धोंड्याला तिनं आजवर लोकांदेखतच हात जोडले होते. आज तिथं कुणी नव्हतं. केवळाबाईनं पदर डोक्यावर ओढला आणि धोंड्यावर कपाळ टेकवलं.