शिवणीत राहिलेली पिल्ले

मित्रांनो, मासे धरण्यासाठी माझा जन्म झालाच नव्हता. मी एक हातजाळी आहे, आता जुनी झालेली. माझ्या पोटात मासा आलाच, तर तो चुकून. माझ्या वाट्याला आले ते किडे. ओढ्याच्या तळाशी, दगडाला पोट चिकटवून बसणारे, तांदळाच्या कणीएवढे. वाहत्या पाण्यात मला आडवे धरायचे, समोरचे दगड पायाने ढवळायचे, आणि जे सुटून येईल ते मी पोटात घ्यायचे. एवढेच माझे काम. पण या एवढ्याशा कामावर एके दिवशी एका माणसाचा संसार टांगला गेला होता. तीच गोष्ट सांगते.

मला घडवले रावसाहेबांनी. ते सिंगापुरात राहत आणि जहाजावर इंजिनीअर होते. एकदा त्यांचे जहाज न्यूझीलंडला दुरुस्तीसाठी अडकले, तेव्हा तिथल्या एका थंडगार नदीवर त्यांनी ट्राउट नावाचा मासा धरणारी माणसे पाहिली. ती माणसे गळ टाकण्याआधी नदीत उतरत, दगड ढवळत आणि जाळीत कोणते किडे येतात ते पाहत. मासा आज काय खातो आहे हे कळले, की गळावर तसाच खोटा किडा बांधत. रावसाहेबांना ते फार आवडले. सिंगापुरात परतल्यावर त्यांनी स्टीलची सळई वाकवून माझे कडे केले, बांबूचा दांडा लावला, स्क्रीन छपाईच्या दुकानातून बारीक नायलॉनची जाळी आणली आणि जाड कॅनव्हासच्या पट्टीने ती कड्याला शिवली. शिवताना ते त्यांच्या आईची जात्यावरची ओवी गुणगुणत:

*पीठ गं चाळीते, कोंडा राहिला चाळणीत,*
*आतलं गं बाहेर, नाही लपत गाळणीत.*

त्यांच्याबरोबर गळाला जाणारे दोघे मित्र मला पाहून हसले. एक प्रमोद, बंदरात मोठी जहाजे ओढणाऱ्या टगबोटींवरचा इंजिनीअर. दुसरा निशिकांत, बुकित बातोकच्या एका कारखान्यात सांडपाण्याची टाकी सांभाळणारा. "रावसाहेब," निशिकांत म्हणाला, "आपल्या इथल्या माशांना मेनू कार्ड लागत नाही. कोळंबी दाखवली की येतात." रावसाहेबही हसले. पण निवृत्त होऊन चिपळूणला परतताना त्यांनी मला प्रमोदच्या हाती दिले आणि एकच गोष्ट बजावली. काम झाले की जाळी उलटी करायची, स्वच्छ पाण्याने धुवायची आणि शिवणीच्या घडीतून बोट फिरवायचे. मगच वाळवायची. दरवेळी.

पुढची चार-पाच वर्षे माझ्या सुखाची. प्रमोदची बायको दीप्ती विद्यापीठात ओढ्यांच्या पाण्यावर संशोधन करायची. तिने मला पाहिले, हाताने ताणून पाहिले, आणि म्हणाली की विकतच्या जाळ्यांपेक्षा ही बरी. मग परवानगीचे कागद घेऊन ती मला ओढ्याओढ्याला नेऊ लागली. मागून गळ खांद्यावर टाकून हे दोघे. दीप्तीच्या अहवालात माझा फोटो छापून आला, तेव्हा प्रमोदने तो रावसाहेबांना पोस्टाने पाठवला.

मित्रांनो, आता ओढ्यातल्या किड्यांचे गुपित सांगते. बाटलीत भरलेले पाणी फक्त त्या क्षणाचे सांगते. सकाळी पाणी चांगले असेल तर बाटली चांगले म्हणेल, मग रात्री कोणी काहीही सोडो. पण किडा महिनोन्‌महिने त्याच पाण्यात राहतो. मेफ्लाय नावाच्या माशीचे पिल्लू तर इतके नाजूक, की पाण्यात विष आले तर ते आधी मरते. तीन शेपट्या, कुशीला पिसांसारखे कल्ले. ते जिवंत दिसले, तर समजावे की पाणी बऱ्याच दिवसांपासून ठीक आहे.

हेच निशिकांतला ठाऊक होते. म्हणूनच दोन हजार सातच्या त्या शनिवारी त्याने दीप्तीला फोन केला. "जय भीम, वहिनी. उद्या थोडा वेळ आहे का?"

गोष्ट अशी होती. कारखान्यातले पाणी टाकीत स्वच्छ होऊन एका पाइपातून मागच्या ओढ्यात जायचे. सोमवारी सकाळी नऊ वाजता निशिकांतला एका कागदावर सही करायची होती, की वर्षभर हे पाणी निर्धोक होते. बाटल्यांचे सगळे अहवाल चांगले होते. पण बाटल्या भरायचा दिवस मालक ठरवायचा, आणि दोन-तीनदा निशिकांत रजेवर असताना टाकीची झडप कोणीतरी हलवलेली त्याला दिसली होती. सही केली नाही तर नोकरी जाणार. नोकरी गेली की वर्क पास जाणार, आणि महिन्याभरात बायको साधना आणि दुसरीतली लेक ईशा यांना घेऊन देश सोडावा लागणार. किडे जिवंत निघाले तर तो निवांत सही करणार होता. त्याला ते जिवंत निघायलाच हवे होते.

रविवारी सकाळी दीप्तीचे ठरलेले काम पुलाउ उबीनवर होते. बंबोटीतून, म्हणजे उतारूंच्या छोट्या मोटरबोटीतून, आम्ही बेटावर गेलो. आतल्या बाजूला झाडांच्या सावलीत एक ओहोळ आहे, तांबड्या मातीचा. तिथे माझ्या पोटात मेफ्लायची पिल्लेच पिल्ले आली. दीप्तीने ती ट्रेमध्ये काढून मोजली आणि परत पाण्यात सोडली. मग मला धुवायचे काम प्रमोदकडे सोपवून ती नोंदी करायला बसली.

प्रमोदला त्या दिवशी गळाला मोठा मासा लागला होता. तो त्याच आनंदात होता. तेवढ्यात धक्क्यावरून बोटवाल्याचा फोन आला, की बोट भरायला दोन माणसे कमी आहेत, येताय तर चला. प्रमोदने मला दगडावर दोनदा आपटले आणि ओलीचिंब तशीच झाकणाच्या बादलीत कोंबली. मला उलटे केले नाही. शिवणीतून बोट फिरवले नाही.

"धुतलीस?" दीप्तीने विचारले.

"झालं," प्रमोद म्हणाला.

मला कळत होते, मित्रांनो. माझ्या शिवणीच्या घडीत दोन पिल्ले अडकून होती, ओल्या कॅनव्हासला घट्ट धरून. एक्सप्रेसवेवरून व्हॅन पळत होती आणि ती दोघे माझ्या अंगात वळवळत होती. सांगावे तर कसे?

बुकित बातोकला पोहोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि निशिकांत ओढ्याशी वाट पाहत होता. पश्चिमेकडे आभाळ शाईसारखे झाले होते. दीप्ती म्हणाली, की तासाभरात पाऊस कोसळला तर ओढ्याचा तळ धुऊन जाईल, मग चार दिवस काही कळणार नाही. निशिकांतकडे चार दिवस नव्हते. पाइपाच्या खालच्या अंगाला पाणी पोटरीएवढे होते. वास नव्हता, पण दगडांवर करडा थर होता. दीप्तीने मला पाण्यात रोवले. निशिकांतने स्वतः दगड ढवळले. ती घड्याळाकडे पाहत होती, तो तिच्याकडे. तीन मिनिटे झाली.

ट्रे पांढरा होता. दीप्तीने मला त्यात उलटे केले आणि बाटलीतल्या पाण्याने माझे अंग विसळले. आधी आल्या लाल अळ्या, दोऱ्यासारख्या. त्या घाणीतही जगतात. मग चिखल. मग शिवण सैल झाली, आणि दोन पिल्ले ट्रेमध्ये उतरली. तीन शेपट्या. पिसांसारखे कल्ले.

दीप्ती वाकून बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "भाऊजी, ही जिवंत आहेत."

निशिकांत दगडावर बसला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा ट्रेमध्ये पाहिले. मग साधनाला फोन लावला. त्याला वाक्य नीट पुरे करता येईना. पलीकडून साधना रडते आहे की हसते आहे ते आम्हाला कळत नव्हते. मागून ईशाचा आवाज आला, "Papa, so we staying, lah?" आणि निशिकांत म्हणाला, हो, राहायचं आपण.

प्रमोद मला हातात धरून उभा होता. त्याचे बोट सहज माझ्या शिवणीत गेले. बाहेर आले ते तांबड्या मातीने माखून. या ओढ्यात तांबडी माती नाही. करडा चिखल आहे.

बोटावरची माती त्याने अंगठ्याने चोळली, पँटला पुसली. कोणी पाहिले नव्हते. समोर निशिकांत फोन कानाला तसाच धरून आम्हाला सांगत होता, की संध्याकाळी सगळे आमच्याकडे जेवायला या, साधना कोंबडी करते म्हणतेय. दीप्ती नोंदवहीत आकडा लिहायला पेन शोधत होती. एक शब्द बोलायचा नाही, एवढेच प्रमोदला करायचे होते. मित्राचे घर राहत होते, मुलीची शाळा राहत होती.

दीप्तीने पेनाचे टोपण काढले.

"लिहू नकोस," प्रमोद म्हणाला.

तिने वर पाहिले.

"मी जाळी धुतली नव्हती. बोटीची घाई होती. ही पिल्लं उबीनची आहेत."

निशिकांतने फोन कानापासून खाली घेतला, पण बंद केला नाही. त्यातून साधनाचा बारीक आवाज येतच होता.

"तू सकाळी झालं म्हणालास," दीप्ती म्हणाली.

"म्हणालो."

पहिली वीज चमकली ती तेव्हाच. साधनाला काहीच न सांगता निशिकांतने फोन बंद केला आणि उठला. प्रमोदवर तो ओरडेल असे मला वाटले. त्याने पिशवीतल्या पिण्याच्या पाण्याच्या चारही बाटल्या काढल्या आणि प्रमोदसमोर ठेवल्या. "धू," म्हणाला. "लवकर."

प्रमोदने मला उलटे केले. एकेक बाटली रिकामी केली. शिवणीच्या घडीतून त्याने तीन वेळा बोट फिरवले, शेवटच्या वेळी तर नखाने. मग पुन्हा पाण्यात. पुन्हा तीन मिनिटे. टपोरे थेंब माझ्या कड्यावर आपटू लागले होते आणि दीप्ती मनगटावरच्या घड्याळावरून नजर काढत नव्हती. या वेळी मी माझे पोट होते तेवढे उघडे ठेवले. यावे काहीतरी, असे मलाही वाटत होते.

लाल अळ्या आल्या. दुसरे काही आले नाही. वेळ होता तोवर त्यांनी आणखी दोन ठिकाणी पाहिले. तिथेही लाल अळ्या. मग पाऊस आला, आणि ओढ्याने चढायला सुरुवात केली.

सोमवारी निशिकांतने सही केली नाही. दीप्तीने नोंदवहीत धुतल्यानंतरचे तीन आकडे लिहिले आणि पहिला आकडा का धरला नाही याचे कारण खाली लिहिले. त्या कागदावर पुढे दुसऱ्या कोणी सही केली का, हे मला माहीत नाही. मी तर एक जाळी. माझ्यापर्यंत जेवढे आले तेवढेच सांगते.

महिन्याभराने निशिकांत आणि साधना निरोप घ्यायला प्रमोदच्या पुंगोलच्या घरी आले. ईशा खालून जाणाऱ्या एलआरटीची, त्या छोट्या रेल्वेची, गोल फेरी पाहत खिडकीशी उभी होती. चहा निवून गेला. शेवटी साधना प्रमोदला म्हणाली, "भाऊजी, एवढं खरं बोलायचं होतं, तर सकाळी धुवायला काय झालं होतं? एक तास मी आईला फोन करून सगळ्यांना सांगत बसले होते."

तिचा राग नोकरीवर नव्हता, त्या एका तासावर होता. त्या तासाची भरपाई कुठल्याच बंदरात मिळत नाही.

उठताना निशिकांत दारात थांबला. "प्रम्या," तो म्हणाला, "तू गप्प बसला असतास तर मी सही केली असती. आणि माझ्या घराच्या खिडकीतून तो ओढा दिसतो." एवढेच म्हणून त्याने चप्पल पायात सरकवली.

त्यानंतर प्रमोद गळाला गेला नाही. दीप्तीच्या विभागात नव्या जाळ्या आल्या. मी घरातल्या शेल्टरमध्ये, म्हणजे इथल्या घरांत असणाऱ्या जाड भिंतींच्या अडगळीच्या खोलीत, जुन्या सुटकेसांच्या मागे गेले. पोटाला बुरशी लागली, दांड्याची साल निघाली. कधीतरी दीप्ती काही शोधायला येते, मला बाजूला करते आणि हाताला लागलेला बुरा झटकते. तिची तक्रार नाही. मलाही नाही.

पण मित्रांनो, तुमच्या हाती कधी माझ्यासारखे काही आले, चाळणी असो, गाळणी असो, मोजायचे माप असो, तर काम झाल्यावर ते धुवा. उलटे करून, शिवणीपर्यंत धुवा. घाईत राहून गेले, तर राहून गेले म्हणून लगेच सांगा, कोणी आनंदाने फोन उचलण्याच्या आत. कारण आम्ही न धुतलेल्या वस्तू खोटे दाखवतो, आणि आम्हाला ते कळतही असते. पण सांगणे आमच्या हातात नाही. ते तुमच्याच हातात आहे.